दीड कोटी कार्डांचा माणूस

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी मला सेकंड लँग्वेज होती आणि ती मी गाईड पाठ करून काढली. हा लेखसुद्धा इंग्लिश सेक्शनसाठीच लिहायला घेतला होता, पण तिकडे गर्दी आणि इकडे दुष्काळ, असं मॅगझिन कमिटीतल्या मैत्रिणीचं म्हणणं पडलं. शुद्धलेखन आईने तपासलंय. तिच्या नजरेतून सुटलेल्या चुका माझ्या.

तर झालं असं. थर्ड इयरच्या सुरुवातीला डिपार्टमेंटच्या एका सरांनी मला आणि माझ्या प्रॅक्टिकल पार्टनरला एक काम दिलं. आजवरचे फायनल इयरचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि डिपार्टमेंटमधल्या शिक्षकांचे पेपर यांची एक यादी करायची. नुसती यादी नाही, सर्च करता येईल अशी. म्हणजे ज्युनिअर्सना विषय निवडताना कळेल की हे आधीच होऊन गेलंय. एक्सेलमध्ये टाका, नंतर ऑनलाइन चढवू, इतकं सोपं. दोन शनिवारांचं काम आहे असं आम्हाला वाटलं.

त्याला आता सात महिने झाले!

पहिला दणका नावांनी दिला. कुलकर्णी हे आडनाव किती प्रकारांनी लिहिता येतं याचा तुम्ही कधी विचार केलाय? कुठे सी, कुठे के, कुठे कुळकर्णी. त्यात कुणी आद्याक्षरं आधी लिहितो, कुणी मागे, कुणी वडिलांचं नाव गाळतो. कॉम्प्युटरला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात. एका मॅडमचे लग्नाआधीचे पेपर एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या नावावर, म्हणजे सर्च केलं की अर्धी कारकीर्द गायब. उलट एकाच नावाचे दोन सर असले की दोघांचा एकच माणूस होतो. मग एकच पेपर कॉन्फरन्समध्ये एकदा आणि जर्नलमध्ये एकदा, शीर्षकात एक शब्द बदलून. तो एक धरायचा की दोन? लिंक दिल्या होत्या, त्यातल्या कितीतरी उघडेनात, कारण कॉन्फरन्स संपली की तिची वेबसाइटही काही वर्षांत संपते. आणि सगळ्यात भारी म्हणजे अशीच यादी एका सीनिअर बॅचने आधी केली होती. ती कुठेतरी आहे, पण तिचा पासवर्ड पासआउट झाला.

हे सगळं रडगाणं मी लायब्ररीत मॅडमसमोर गायलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मागच्या कपाटातून एक जुनं पुस्तक काढून त्याच्या पाठीवरचं लेबल दाखवलं. आकडे, मधे कोलन, पुढे कंसात आणखी आकडे. इतकी वर्षं लायब्ररीत जातेय, पण ते लेबल मी कधी वाचलंच नव्हतं. तो कोलन आणि तो कंस ज्याने तिथे आणला, त्या माणसाचं आयुष्य या रडगाण्यातच गेलं, असं त्या म्हणाल्या. नाव पॉल ऑत्ले. (स्पेलिंगच्या शेवटी टी आहे, तो बोलायचा नाही.) लायब्ररीवाल्यांच्या जगात हे फार मोठं नाव आहे म्हणे. मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, म्हणून आता मी तुम्हाला सांगते.

ऑत्लेचा जन्म २३ ऑगस्ट १८६८ चा, बेल्जियममधल्या ब्रसेल्सचा. वडील एदुआर हे बडे उद्योजक, ट्रामच्या धंद्यात पैसा केलेले. पॉल तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. वर्गात बसवलं की मुलाची बुद्धी गुदमरते असं वडिलांचं ठाम मत होतं, म्हणून अकरा वर्षांचा होईपर्यंत त्याला शाळेतच घातलं नाही. घरी शिक्षक यायचे. (असे वडील आपल्याला का मिळाले नाहीत!) बरोबरीची मुलं नाहीत, आई नाही, मग पुस्तकं. नंतर तो जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत गेला, आधी पॅरिसला आणि मग ब्रसेल्सला. मी नन्सच्या हाताखाली बारा वर्षं काढली आहेत, त्यामुळे वहीला मार्जिन आखणे, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवणे ही शिस्त अंगात कशी मुरते ते मी सांगू शकते. ऑत्लेच्या अंगात ती जरा जास्तच मुरली.

वडिलांनी भूमध्य समुद्रात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं एक बेट विकत घेतलं होतं, लेव्हाँ नावाचं. बाकीची श्रीमंत मुलं बेटावर जाऊन काय करतील? हा मुलगा शाळेत असतानाच त्या बेटाची माहिती गोळा करून पुस्तिका लिहून बसला.

विसाव्या वर्षी, म्हणजे माझ्या वयाचा असताना, त्याने आणखी एक पुस्तिका लिहिली, आफ्रिकेवर. अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांना आफ्रिकेत नेऊन वसवावं आणि त्यांच्या हातून तिथे युरोपची संस्कृती पोचवावी, असा तिचा सूर होता. युरोपने जगाला शहाणं करायचं, हे त्याने गृहीतच धरलेलं. त्या काळातल्या बेल्जियमच्या वरच्या वर्गात असलं बोलणं सर्रास चालायचं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्याचं कौतुक करणारे लेख ही गोष्ट पटकन ओलांडून जातात. मला ती गाळावीशी वाटली नाही, कारण पुढे जगातलं सगळं ज्ञान एका जागी आणायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात जग कसं दिसत होतं, ते यातून कळतं.

१८९० मध्ये तो कायद्याचा पदवीधर झाला, त्याच वर्षी लग्न झालं आणि एदमाँ पिकार नावाच्या नामांकित वकिलाच्या हाताखाली तो काम करायला लागला. वकिलीत त्याचा जीव रमेना. पण तिथेच त्याला आंरी ला फोंतेन भेटला. चौदा वर्षांनी मोठा, पेशाने वकील, जगात युद्धं होऊ नयेत म्हणून धडपडणारा आणि सूची करण्याचा तितकाच शौकीन. पुढे १९१३ साली या ला फोंतेनला शांततेचं नोबेल मिळालं. दोघांची जोडी पन्नासेक वर्षं टिकली. ला फोंतेनची बहीण लेओनी हीसुद्धा या कामात होती. तिचं नाव कमी ठिकाणी येतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

१८९२ मध्ये ऑत्लेने सूचीशास्त्रावर एक छोटा लेख लिहिला. त्यातला मुद्दा मला एकदम आजचा वाटला. त्याचं म्हणणं असं की पुस्तक ही माहिती ठेवायची चांगली जागा नाही, कारण त्यात लेखकाच्या मर्जीने सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. तथ्य, त्याचा अर्थ, आकडे, स्रोत हे सुटं करून एकेका कार्डावर लिहिलं, तर कार्डं हवी तशी लावता येतील, मधे नवीन घालता येतील, जुनी काढता येतील. आपण डीबीएमएसच्या पहिल्या लेक्चरला हेच शिकतो ना? एका रो मध्ये एक नोंद! हा माणूस ते पुठ्ठ्यावर करत होता.

१८९५ मध्ये दोघांनी ब्रसेल्सला आंतरराष्ट्रीय सूची कार्यालय उघडलं आणि काम ठरवलं. काय ठरवलं असेल? आजवर जगात जे जे छापलं गेलं त्या सगळ्याची सूची! सगळ्या भाषा, सगळे विषय, पुस्तकं आणि नियतकालिकांतले लेखसुद्धा. आम्हाला एका डिपार्टमेंटची होईना. कार्डाचं माप ठरलं साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर. छापील सूच्या कापून कार्डांवर चिकटवायच्या आणि बाकीचं हाताने लिहायचं. त्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस चार लाख कार्डं झाली होती.

कार्डं झाली, पण ती लावायची कशी? लेखकाच्या नावाने लावली तर लेखक माहीत असणाऱ्यालाच सापडणार. विषयाने लावायची तर विषयाचं नाव कुठल्या भाषेत लिहिणार? फ्रेंचमध्ये लिहिलं तर जर्मन माणूस शोधणार कसा? त्यावर त्यांना सापडलेला उपाय म्हणजे आकडे. अमेरिकेत मेल्विल ड्युईने दशांश वर्गीकरण केलेलं होतं. ऑत्लेने त्याला पत्र लिहून ते वाढवायची परवानगी मागितली. ड्युईने ती दिली, पण इंग्लिशमध्ये काढायचं नाही या अटीवर. यातून तयार झालं सार्वत्रिक दशांश वर्गीकरण, म्हणजे यूडीसी. १९०४ ते १९०७ या काळात ते फ्रेंचमध्ये पुस्तकरूपाने आलं, त्यात जवळजवळ ३३,००० उपविभाग होते.

आता तो लेबलवरचा कोलन. ड्युईच्या पद्धतीत पुस्तकाला साधारण एक विषय, एक आकडा, एक जागा. पण खरी पुस्तकं अशी वागत नाहीत. यूडीसीत ६२७.८ म्हणजे धरणं. पुढे कंसात ५४० लिहिलं की भारतातली धरणं. ५५०.३४ म्हणजे भूकंपशास्त्र. आता कोयनेचा १९६७ चा भूकंप घ्या. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, यावर तेव्हापासून जगभर पेपर लिहिले गेले. असा पेपर धरणांत ठेवायचा की भूकंपात? ऑत्लेचं उत्तर होतं, मधे कोलन टाका, ६२७.८:५५०.३४, आणि कार्ड दोन्ही खणांत ठेवा, दुसऱ्या खणात आकडे उलटे करून. विषयांचा एकमेकांशी संबंध दाखवायला त्याने खुणाच करून ठेवल्या. अधिक म्हणजे 'आणि', कोलन म्हणजे 'यांचा संबंध', कंस म्हणजे जागा, बरोबरचं चिन्ह म्हणजे भाषा. भाषा वेगळी असली तरी आकडे सगळ्यांचे तेच. मला ही आयडिया खरंच आवडली. इंजिनिअरच्या डोक्याची आहे, आणि केली एका वकिलाने.

आणि हे सगळं नुसतं कपाटात ठेवायला नव्हतं. १८९६ पासून पत्राने प्रश्न विचारता यायचे! तुम्ही विषय लिहून पाठवायचा, कार्यालयातली माणसं खणांतून कार्डं शोधणार, नकला करणार आणि पोस्टाने धाडणार. दर हजार कार्डांना २७ फ्रँक. उत्तर पन्नास नोंदींपेक्षा मोठं होणार असलं तर आधी कळवायचे, म्हणजे गिऱ्हाईकाला बिल पाहून चक्कर यायला नको. १९१२ च्या सुमाराला वर्षाला पंधराशेवर प्रश्न येत होते, बूमरँगपासून बल्गेरियाच्या अर्थव्यवस्थेपर्यंत.

इथपर्यंतची गोष्ट सगळे लेख सांगतात आणि मग त्याला गूगलचा आजोबा वगैरे म्हणून संपवतात. पण मी माझ्या यादीत अडकलेली असल्यामुळे मला भलतेच प्रश्न पडत होते. नवीन कार्ड आत घालायच्या आधी ते आधीपासून आहे का, हे कोण बघायचं? नोंद चुकलीय हे दहा वर्षांनी कळलं तर? तेच कार्ड लेखकाच्या खणात एकदा आणि विषयांच्या खणांत दोनदा-तीनदा, म्हणजे दुरुस्ती तितक्या वेळा. आपण फाइंड-रिप्लेस करतो, तिथे माणूस शिडी लावून खणापर्यंत जाणार. लेखक एकच की नावाचा दुसरा कुणी, हे तर आजही पूर्ण सुटलेलं नाही. त्यासाठी २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड नावाचा सोळा अंकी नंबर मिळतो, आणि पेपरला डीओआय नंबर असतो, जो वेबसाइट बदलली तरी बदलत नाही. ऑत्लेकडे यातलं काहीच नव्हतं. पुस्तकांना आयएसबीएनसुद्धा तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी आलं.

शिवाय वर्गीकरणच बदललं तर? ज्ञान वाढतं, नवीन विषय निघतात, आकडे हलवावे लागतात. यूडीसीत पुढे १९६० च्या दशकात असं खरंच झालं. ४ हा अख्खा विभाग भाषांचा होता, तो रिकामा करून भाषा ८ मध्ये साहित्याबरोबर नेल्या. निर्णय म्हणून तो योग्यच असेल. पण ज्या ज्या लायब्ररीत ४ ची लेबलं लागली होती, तिथल्या माणसांचे त्या दिवशीचे चेहरे मला डोळ्यांसमोर दिसतात.

कार्डं मात्र वाढतच होती. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती सुमारे एक कोटी दहा लाखांवर गेली होती. याच काळात ऑत्लेच्या घरचं सगळं बिघडत होतं. वडिलांच्या धंद्याला उतरती कळा लागली, १९०७ मध्ये ते गेले आणि विस्कटलेले व्यवहार निस्तरणं पॉलच्या वाट्याला आलं. पहिलं लग्न १९०८ मध्ये मोडलं. १९१२ मध्ये त्याने काटो नावाच्या डच बाईशी दुसरं लग्न केलं, ती शेवटपर्यंत त्याच्या बरोबर राहिली. १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि यिझर नदीवरच्या लढाईत त्याचा मुलगा झाँ मारला गेला. ऑत्लेने युद्धाची वर्षं देशाबाहेर काढली, आणि राष्ट्रांनी एकत्र येऊन युद्ध कसं टाळावं यावर तो लिहीत राहिला. राष्ट्रसंघाची कल्पना तो आणि ला फोंतेन इतरांबरोबर आधीपासून मांडत होते. माणसांना एकमेकांचं ज्ञान कळलं तर ती लढणार नाहीत, असं त्याला मनापासून वाटायचं. मुलगा गेल्यावरही वाटायचं. मला ते तितकंसं पटत नाही, पण त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित त्यालाच धरून बसले असते.

युद्धानंतर बेल्जियम सरकारने ब्रसेल्सच्या सँकाँतनेर राजवाड्याचा एक भाग त्यांना दिला. शंभरेक खोल्या! तिथे कार्डं, लायब्ररी, म्युझियम, जगातल्या संस्थांची दफ्तरं. याला आधी जागतिक महाल म्हणायचे, पुढे नाव पडलं मुंदानेउम. ऑत्लेची स्वप्नं इथून जरा सुटलीच. १९२८ मध्ये त्याने प्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए याच्याकडून जीनिव्हासाठी एका अख्ख्या जागतिक नगरीचा आराखडा करून घेतला. ती कधी बांधली गेली नाही. (आपलं चंदीगड ज्याने आखलं तोच हा.) राष्ट्रसंघाने आपल्याला उचलून धरावं अशी ऑत्लेची आशा होती, पण संघाने बौद्धिक सहकार्यासाठी आपली वेगळी समिती नेमली आणि हे दोघे बाहेरच राहिले.

इथे मला ऑत्लेचा राग येतो. हातात कोटीच्या वर कार्डं आहेत, ती रोज जुनी होतायत, काम करणारी माणसं कमी, पैसा सरकारच्या मर्जीवर, आणि हा नवीन इमारतींचे आराखडे काढतोय! आमच्या मागच्या बॅचनेही तेच केलं होतं. यादीची वेबसाइट कशी दिसेल याचे सात स्क्रीन डिझाइन केले आणि नोंदी भरल्या चाळीस.

सरकारचाही उत्साह आटत गेला. १९२४ मध्ये रबराचं व्यापारी प्रदर्शन भरवायचं म्हणून त्यांना जागा रिकामी करायला लावली. वर्षानुवर्षं लावलेलं सामान घाईघाईत उचललं गेलं. विचार करा, क्रमाने लावलेला एक खण उपडा झाला तर आतली कार्डं सगळी शाबूत असतात, पण सूची उरत नाही. पुन्हा लावालाव झाली, पुन्हा दारं उघडली. १९३४ मध्ये सरकारने ती कायमचीच बंद केली. तेव्हा कार्डांची संख्या एक कोटी छप्पन्न लाख होती.

त्याच १९३४ मध्ये, दारं बंद झालेली असताना, ऑत्लेचं सगळ्यात मोठं पुस्तक आलं, दस्तऐवजशास्त्रावरचं. त्यात त्याने एक टेबल कल्पिलं आहे. टेबलावर पुस्तक एकही नाही, फक्त पडदा आणि टेलिफोन. पुस्तकं दूर कुठेतरी मोठ्या इमारतीत. तुम्ही फोनवर विचारायचं, आणि हवं ते पान तुमच्या पडद्यावर येणार. एका पडद्यावर मावलं नाही तर चार पडदे. पुस्तकं बारीक फिल्मवर उतरवून ठेवावीत हे तर त्याने १९०६ मध्येच रॉबर्ट गोल्डश्मिटबरोबर मांडलं होतं. ज्या माणसाच्या स्वतःच्या कार्डांना कुलूप लागलं होतं, तो हे लिहीत होता. मघाशी आलेला राग मी इथे थोडा मागे घेते.

१९४० मध्ये जर्मन पुन्हा आले. मुंदानेउमची जागा त्यांना चित्रप्रदर्शनासाठी हवी होती. टनावारी कागद, मुख्यतः नियतकालिकं, नष्ट झाले आणि उरलेलं लेओपोल्ड पार्कमधल्या विद्यापीठाच्या जुन्या शरीररचनाशास्त्राच्या इमारतीत कोंबलं गेलं. ऑत्ले सत्तरी ओलांडलेला. १९४३ मध्ये ला फोंतेन गेला. ब्रसेल्स मोकळं झालं ते सप्टेंबर १९४४ मध्ये, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला ऑत्ले गेला. त्याच्या मागे ते सगळं चालवील असा, त्याच्या ताकदीचा, कुणी तयार झालेला नव्हता. काही निष्ठावंत माणसं कपाटं सांभाळत राहिली, एवढंच.

मग चोवीस वर्षांनी, १९६८ मध्ये, शिकागो विद्यापीठात शिकणारा बॉइड रेवर्ड हा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी त्या इमारतीत पोचला. ऑत्लेची खोली होती तशीच होती. कागदांचे ढीग, धूळ, कोळ्यांची जाळी. विद्यार्थी होता हो, आपल्यासारखाच! त्याने ते कागद वाचले, त्यावर पीएचडी केली आणि १९७५ मध्ये ऑत्लेचं चरित्र छापलं. आज आपल्याला ऑत्ले माहीत आहे तो मुख्यतः या माणसामुळे. पुढे कार्डं बेल्जियममधल्याच माँस गावी हलवली आणि १९९८ मध्ये तिथे मुंदानेउम म्युझियम म्हणून उघडलं. २०१३ मध्ये युनेस्कोने ही सूची जगाच्या स्मृतींच्या नोंदवहीत घेतली. लाकडी खणांच्या रांगा छतापर्यंत गेलेल्या फोटोत दिसतात. फोटो बघून पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे की वरच्या खणातलं कार्ड दुरुस्त करायला कोण चढायचं?

यूडीसी मात्र जिवंत आहे. सूची थांबली, पण ती लावायची पद्धत अनेक देशांतल्या लायब्रऱ्यांत चालू आहे, आणि १९९२ पासून एक संस्था तिच्यात सतत दुरुस्त्या करते. म्हणजे ऑत्लेच्या कामातलं तेवढंच टिकलं, जे दुसऱ्यांनी हातात घेतलं.

मॅडमनी मला आणखी एक पुस्तक दाखवलं, शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची. १८०० ते १९३७ या काळातली छापील मराठी पुस्तकं एका भागात, आणि १९३८ ते १९५० ची पुढच्या भागात. ते मी उघडलं आणि आधी माझ्या आडनावाची माणसं शोधली. सापडली, आणि एकाच पद्धतीने लिहिलेली! हे काम ज्यांनी केलं त्यांना साष्टांग नमस्कार. इतकी नावं एकाच पद्धतीने लिहायला किती बसावं लागलं असेल, याचा मला आता थोडाफार अंदाज आहे.

आमच्या यादीचं सध्या असं आहे. ६४० नोंदी झाल्या आहेत. प्रत्येक शिक्षकाला आम्ही एक नंबर दिलाय, त्यामुळे नाव कसंही लिहिलं तरी माणूस एकच राहतो आणि त्या मॅडमची दोन्ही आडनावं एकत्र दिसतात. नियम एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. पासवर्ड माझ्याकडे नाही, लायब्ररीकडे आहे. मृत लिंक अजून ७१ उरल्या आहेत. पुढच्या वर्षी मी फायनल इयरला जाणार, त्यामुळे सेकंड इयरमधली दोन मुलं आत्ताच हवी आहेत, म्हणजे मी इथे असेपर्यंत ती शिकतील. मार्क मिळणार नाहीत, हे आधीच सांगते, आम्हालाही मिळाले नाहीत. गुरुवारी चारनंतर आम्ही लायब्ररीत मागच्या टेबलावर बसतो. एक्सेल येत नसलं तरी चालेल. अक्षर बरं असावं, कारण जुने रिपोर्ट आम्ही आधी कार्डावरच उतरवतो.